दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचा भार

मुलांनो, मागच्या आठवड्यात तुमच्यापैकी एकाने फोनवर मोठ्या आनंदाने सांगितलं, की नव्या धंद्याच्या वेबसाइटसाठी त्याने होस्टिंग घेतलं, आणि ते 'अनलिमिटेड' आहे. फोनवर उपदेश केला की तुम्ही "हो आजी, हो आजी" म्हणता आणि मागे भांडी लावल्याचा आवाज येत राहतो. म्हणून लिहून पाठवते आहे. कागद निदान मध्येच ठेवून देता येतो, आणि पुन्हा उचलताही येतो.

हा शब्द मी पहिल्यांदा बऱ्याच वर्षांपूर्वी इथेच, वडशात, आपल्या घराच्या ओसरीवर ऐकला. तो ज्याने उच्चारला तो वेबसाइटला भाड्याने जागा देणाऱ्या कंपनीचा नागपूरचा एजंट होता. पायात टोकदार बूट, हातात गुळगुळीत कागदांची फाइल. बूट काढायला सांगितले तेव्हा त्याला जरा अपमान वाटला. तो माझ्याकडे नव्हे, माझ्या शेजारणीकडे आला होता. शेजारणीने त्याला माझ्यापुढे आणून बसवलं, कारण त्याचे कागद इंग्रजीत होते.

शेजारीण तुम्हाला आठवणार नाही. दोन घरं सोडून राहायची. तिची नाटकाची कंपनी होती. आपल्या झाडीपट्टीत, विदर्भाच्या या पूर्व टोकाला, दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते, आणि ज्या गावात मंडई त्या गावात त्या दिवशी नाटक हवंच. नाटकं पुरवणाऱ्या कंपन्यांची ऑफिसं वडशाच्या रस्त्यावर रांगेने आहेत. वीस वर्षं ती स्वतः नायिका होती. गुडघे गेले, मग नवरा गेला, मग ती कंपनी चालवू लागली. बत्तीस कलावंत, दोन ट्रक, पडदे, ऑर्गन. मराठी ती झरझर वाचायची. इंग्रजी कागद आला की माझ्याकडे यायची. मुलींच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवल्यामुळे विजेचं बिल, औषधाची चिठ्ठी, कोर्टाची नोटीस, सगळं मलाच कळतं अशी तिची समजूत होती. माझीही होती, हे आधीच सांगून टाकते.

वेबसाइटची कल्पना तिची स्वतःची. पुढे चार जण म्हणू लागले की आम्हीच सुचवलं, ते खोटं आहे. धानोऱ्याकडची, पोंभुर्ण्याची, गोंडपिपरीची माणसं दोन-दोन बस बदलून वडशाला यायची आणि हवी ती तारीख गेलेली असायची. मग तसंच परत. आता तालुक्याच्या गावी इंटरनेटची दुकानं निघाली होती. तिथे बसून कंपनीच्या कोणत्या तारखा मोकळ्या आहेत ते दिसलं, आणि तिथूनच फोन केला, तर माणसाचा दिवस वाचतो. चांगला विचार होता, आजही मला तो चांगलाच वाटतो.

त्या वर्षी तिला त्याची गरजही होती. आदल्या हंगामात दोन नव्या कंपन्या निघाल्या होत्या, नवे चेहरे घेऊन. आमच्याकडे कोजागिरीला कलावंत हंगामाचा शब्द देतात. मालक त्यांना किती तारखा झाल्या ते सांगतो आणि ते राहायचं की जायचं ते ठरवतात. तिचा हिशोब सरळ होता. कोजागिरीपर्यंत चाळीस तारखा झाल्या तर नायिका आणि विनोदाची जोडी राहील. नाही झाल्या तर ती तिघं नव्या कंपनीत जातील, त्यांच्या मागे बाकीचे जातील, आणि तिला पडदे विकायला काढावे लागतील.

तर एजंट. तो म्हणाला, जागा अनलिमिटेड, डेटा अनलिमिटेड, पाहणारे अनलिमिटेड. मी विचारलं, एका मशीनवर अनलिमिटेड माणसं कशी मावतात? तो हसला. माझं वय पाहून हसला हे मला कळलं.

"मॅडम, तुम्ही टेन्शनच नका घेऊ. सर्व्हर अमेरिकेत आहे."

जणू अमेरिकेत ठेवलेल्या घागरीला तळ नसतो. मी त्याचे कागद मागून घेतले आणि शेवटच्या पानावरची मुंगीएवढी अक्षरं भिंग लावून वाचली. तिथे लिहिलं होतं, की मशीन अनेक ग्राहकांत वाटलेलं आहे आणि एखाद्याने इतरांना त्रास होईल इतका भार टाकला तर त्याला आवरण्याचा हक्क कंपनीला आहे. मी ते त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने ते पान आयुष्यात प्रथमच ऐकलं असावं. मग म्हणाला, ते सगळे लिहितात, मॅडम, त्याला काही अर्थ नसतो. ज्याला काही अर्थ नसतो ते छापून त्याखाली माणसं सही का घेतात, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

त्याला घालवून दिला. पुढचे आठ दिवस मी वहीत रकाने आखून नीट चौकशी केली. पाच कंपन्यांना इंग्रजीत पत्रं लिहिली, दुकानात जाऊन ती ई-मेलने पाठवली. एका मशीनवर किती साइट ठेवता, बंद पडली तर किती वेळात उठवता, रात्री फोन कोण घेतो. दोघांनी उत्तरच दिलं नाही. दोघांनी जाहिरात पाठवली. एकाने सरळ उत्तर दिलं, आमच्याकडे एका मशीनवर कमी ग्राहक ठेवतो, म्हणून थोडं महाग पडतं. ते आम्ही घेतलं. मला फार समाधान वाटलं. वाईट शेजार टाळला, असं मी शेजारणीला समजावून सांगितलं. भाड्याच्या चाळीत बिऱ्हाडं कमी असली की नळाला पाणी जोरात येतं, तसंच हे.

पाहा, इतकं समजूनही माणूस मूर्ख राहू शकतो. मी शेजाऱ्यांची संख्या विचारली. आपल्या घरी किती पाहुणे येणार, आणि ते येऊन काय करणार, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नाही.

साइट बनवणाऱ्याने मात्र एक प्रश्न विचारला होता, की महिन्याला किती लोक पाहतील. आम्ही दोघींनी गावं मोजली, माणसं मोजली आणि एक आकडा दिला. त्याने त्याला तीसने भागलं आणि म्हणाला, रोजचे इतके, म्हणजे काहीच नाही. मी गणिताची नसले तरी भागाकार बरोबर आहे हे मी तपासलं. तो बरोबरच होता.

मग फोटो. कंपनीत फोटोवरून जितकी भांडणं होतात तितकी पैशावरून होत नाहीत. पोस्टरवर कोणाचा चेहरा कोणापेक्षा बोटभर मोठा झाला की दुसरा प्रवेश चुकवतो. म्हणून तिने ठरवलं की बत्तीसच्या बत्तीस कलावंतांचे फोटो पहिल्याच पानावर, एकाच मापाचे, मेकअपसकट. तारखांचा तक्ता त्यांच्या खाली. मी हरकत घेतली. पण कशासाठी? तर ते दिसायला बाजारी वाटतं म्हणून. त्या बत्तीस फोटोंचं वजन किती, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. तिला माझी हरकत पटली नाही. तिने कलावंतांना सांभाळलं, आणि तिच्या जागी ते बरोबरही होतं.

आता दसऱ्याबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच अडकलं. दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून झालं की आमच्या भागात गावाची बैठक बसते. यंदा मंडई कोणत्या दिवशी, हे तिथे ठरतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कमिटी तारीख घ्यायला निघते. एक गाव नाही, सगळीच गावं. आणि कमिटी म्हणजे एक माणूस नव्हे. एकट्याला पाठवलं तर तो आपल्या सासुरवाडीच्या सोयीची तारीख घेऊन येतो, असा प्रत्येक गावाचा अनुभव. म्हणून अकराच्या अकरा जण जातात आणि अकराही जण स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात.

म्हणजे महिन्याला तीसने भागून जो भार निघाला तो खरा कोणत्याच दिवशी नव्हता. एकोणतीस दिवस साइट रिकामी आणि एका सकाळी सगळी झाडीपट्टी दारात. हे मला ठाऊक नव्हतं का? चाळीस वर्षं मी त्या रस्त्यावरची दसऱ्यानंतरची गर्दी पाहत होते. ती गर्दी टाळून भाजीला जायची. पण कागदावर आकडा आला आणि मी रस्ता विसरले. शिकलेल्या माणसांना ही खोड असते.

त्या सकाळी आम्ही दोघी तिच्या ऑफिसात नऊ वाजता फोनजवळ बसलो. तिने नवं लुगडं नेसलं होतं. मी तारखांची वही उघडून बसले होते. पहिल्या तासात पाच-सहा फोन आले, पाच-सहा तारखा लागल्या. तिने चहा सांगितला. त्यानंतर फोन थांबला. अकरा वाजले, बारा वाजले. फोन चालू आहे ना, म्हणून तिने चारदा उचलून पाहिला. बाहेर शेजारच्या दोन्ही ऑफिसांत माणसं मावत नव्हती. आमच्या दाराकडे कोणी वळेना. जुन्या ओळखीची माणसं लांबूनच हात जोडून हसायची आणि पुढच्या ऑफिसात शिरायची.

एक वाजता ती म्हणाली, "लोकायले आता मी नको झाली, बाई."

मलाही तेच वाटत होतं. साइट बघून घेऊ, असं माझ्या मनात आलं नाही. निवड मी केलेली, बारीक अक्षरं वाचून केलेली, ती बिघडेल कशी?

दुसऱ्या दिवशी दुपारी गोंडपिपरीकडच्या एका गावचे कमिटीप्रमुख आले. म्हातारे गृहस्थ, तिची नाटकं ती नायिका असल्यापासून नेणारे. हातात पेढ्यांचा पुडा. बसले, पुडा तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "अभिनंदन, बाई. पह्यल्याच दिवशी सगळ्या तारखा भरल्या म्हन्ते."

तिने पुडा बाजूला सारला. "कोन म्हन्ते, भाऊ?"

"कोन काऊन म्हनल? तुमची पाटीच तं आत गेली."

वडशाच्या रस्त्यावर प्रत्येक कंपनीच्या दारात एक पाटी असते. तारखा शिल्लक असेपर्यंत पाटी बाहेर. तारखा संपल्या की मॅनेजर ती आत घेतो, मग कोणी त्या दाराशी जाऊन विचारत नाही. आमची पाटी दारातच उभी होती, तिने खिडकीतून ती त्यांना दाखवली. म्हाताऱ्यांनी मान हलवली. त्यांनी त्या पाटीची गोष्ट काढली नव्हती. काल सकाळी अकराही जण तालुक्याच्या दुकानात गेले, पाच कॉम्प्युटर अडवून बसले, आणि कंपनीचं पान उघडेना. पांढरं का पांढरं. तासभर पाहिलं. शेजारच्या गावची कमिटी मागे उभी होती, त्यांनाही तेच दिसलं. मग सगळ्यांनी मिळून अर्थ लावला, की कंपनीने पाटी आत घेतली. भरल्या तारखा. दुकानांतून निघून बसने वडशाला आलेल्यांनी तीच बातमी रस्त्यावर आणली, म्हणून आमच्या दारातल्या पाटीकडे कोणी पाहिलंही नाही. मग ते दुसऱ्या कंपनीची तारीख फोनवर घेऊन मोकळे झाले, आणि आज दुसऱ्या कामाने वडशाला आले तर पेढे घेऊन आले.

"मंग मले फोन काऊन नाई केला?" तिने विचारलं.

"भरल्या घरी फोन कोन करते, बाई?" ते म्हणाले. "तुमाले तरास काऊन द्या?"

त्यांच्यावर हसू नका, मुलांनो. त्यांचा तर्क चुकीचा होता, पण तो तर्क होता. आमच्या रस्त्यावर बंद दाराचा तोच अर्थ आहे. माझ्यापाशी तर तर्कही नव्हता, फक्त खात्री होती.

मी होस्टिंग कंपनीला फोन लावला. फोनवर एक मुलगी होती, इंजिनियर, सभ्य आवाजाची. तिने नोंदी पाहून मला जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. ते असं. सर्व्हरवरचा भार किती माणसं आली यावर ठरत नाही. एका क्षणी किती जण आत आहेत, आणि प्रत्येक जण किती वेळ अडून बसतो, यावर ठरतो. पोस्टाच्या खिडकीवर दहा माणसं एकेक तिकीट घेऊन गेली तर काही नाही. पण तिथे एक जण पेन शोधत पाकिटावर पत्ता लिहीत उभा राहिला की रांग दारापर्यंत. पुण्याचा माणूस चांगल्या लाइनवर आमचं पान काही सेकंदांत घेऊन जातो. धानोऱ्याच्या टेलिफोनच्या तारेवरून बत्तीस चेहरे उतरायला कितीतरी मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ तो गावकरी खिडकी अडवून उभा असतो. आमची थोडी माणसं शहरातल्या शेकडो माणसांइतकी जड होती. त्यात पान उघडेना म्हणून प्रत्येक जण पुन्हा पुन्हा बटण दाबत होता. चहा उशिरा येतो म्हणून दर मिनिटाला नवा चहा सांगावा आणि हॉटेलवाल्याने आधीचाही करत राहावं, तशी गत. शेवटी मशीनने आमची साइट आपोआप आवरली, म्हणजे मशीनवरच्या बाकीच्या ग्राहकांना त्रास होऊ नये.

इतके दिवस मी वाईट शेजार टाळत होते. तो शेजार आम्हीच होतो.

मी तिला विचारलं, हे तुम्ही मला आधी का सांगितलं नाही? ती म्हणाली, मॅडम, तुम्ही विचारलं नव्हतं. तुमच्या पत्रात सगळे प्रश्न आमच्याबद्दल होते. मी फोन ठेवला. तिचं बोलणं उद्धट नव्हतं, हीच अडचण होती.

पुढचं काम सोपं होतं, म्हणूनच जास्त राग येतो. फोटो काढून टाकले. पहिल्या पानावर नुसता तारखांचा तक्ता ठेवला, अक्षरांचा, चित्र एकही नाही. तो धानोऱ्याच्या तारेवरूनही डोळ्याचं पातं लवेपर्यंत उघडू लागला. कलावंत रुसले. म्हणाले, बाईनं आमची तोंडं पुसली. शेजारीण दोन दिवस तालुक्यातालुक्यांच्या दुकानांत फोन करून सांगत होती, की पाटी बाहेर आहे, तारखा आहेत. पंचवीसेक गावं परत फिरली. बाकीच्यांनी दुसरीकडे शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द ते मोडत नाहीत. मोडावा असंही ती कोणाला म्हणाली नाही.

मी होस्टिंग कंपनीला तीन पानी तक्रार लिहिली, स्वच्छ इंग्रजीत. उत्तर आलं, की त्या महिन्यात तुमची साइट सरासरीने जवळजवळ पूर्ण वेळ चालू होती. त्यांचंही गणित बरोबर होतं. ते पत्र मी वहीत चिकटवून ठेवलं आहे, पाहायचं असेल तर सुट्टीत या.

कोजागिरीला संध्याकाळी बत्तीस जण तिच्या अंगणात जमले. तारखा झाल्या होत्या एकतीस. तिने आकडा लपवला नाही, फुगवला नाही. सगळ्यांच्या हातात दूध देऊन झाल्यावर सांगितला. नायिका उठली, तिच्या पाया पडली आणि म्हणाली, माफ करा माय. विनोदाची जोडी तिच्या मागोमाग गेली. बाकीचे खाली बघत बसले होते. आता एक उठला की सगळे उठणार, हे अंगणातल्या सगळ्यांना कळत होतं.

तेव्हा ती म्हणाली, "नायिकेच्या जागी मी उभी राह्यतो. माझ्या वयाचं नाटक घेऊ. ज्याले जायचं त्यानं जावं, मले राग नाई." एवढंच बोलली आणि पातेलं आवरायला लागली. ऑर्गनवाल्याने पातेल्याची दुसरी बाजू धरली. मग कोणी उठलं नाही.

त्या तिघांना मी दोष देत नाही. तो एजंट, तो भागाकार करणारा, ती सरासरीची पत्रं लिहिणारी माणसं, यांना मात्र मनसोक्त देते, आणि त्या यादीत माझं नाव सगळ्यांत वर घालते. तिच्या कंपनीतली तीन माणसं माझ्या वहीतल्या एका न विचारलेल्या प्रश्नामुळे गेली. तिने मला तसं कधी म्हटलं नाही. तेव्हा तुम्हाला 'अनलिमिटेड' विकणाऱ्याला विचारा, की माझ्या सगळ्यांत वाईट दिवशी, सगळ्यांत वाईट तासाला काय होईल. आणि त्याआधी तो दिवस कोणता, ते स्वतःला विचारा. तुमचा दसरा कधी असतो ते त्याला कसं ठाऊक असणार?

आठ दिवसांनी तिने सुताराला बोलावलं. रंगमंच उंच, तिच्या गुडघ्यांना चढवेना, म्हणून मागच्या बाजूला लावायला एक वेगळी पायरी करून घेतली. तिने ती अंगणात ठेवून दोनदा चढून पाहिली, आणि सुताराला चार बोटं कमी करायला सांगितलं. तो रंधा मारत बसला तेव्हा तिने नाटकाची वही माझ्या मांडीवर ठेवली.

"वाचा, बाई," ती म्हणाली. "मले किती आठवते ते पाहू."

मी पहिला संवाद वाचला. पुढचा तिने न पाहता म्हटला.